दसऱ्याला न्यायला येतो

आमच्या गावचा एसटीचा थांबा म्हणजे एक पिंपळ आणि त्याखाली एक मोडका बाक. मे महिना संपत आला होता, आंबे उतरून झाले होते, आणि त्या बाकाशी वाकून तात्या माझी ट्रंक सुंभाच्या दोरीनं आवळून बांधत होते. ट्रंकेला कुलूप होतं, तरी त्यांचा कुलपावर विश्वास नव्हता. गाठ मारून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "नलू, दसऱ्यापर्यंत काय ते बघ. नोकरी कायम झाली तर राहा तिकडे. नाही झाली तर दसऱ्याला मी न्यायला येतो."

न्यायला येतो. कल्याणची गाडी धूळ उडवत आली, मी चढले, आणि हे दोन शब्द माझ्या शेजारी सीटवर येऊन बसले. परत नेल्यावर काय होणार हे मला माहीत होतं. खेडच्या एका स्थळाकडून दोनदा विचारणा झाली होती. मुलगा वाईट नव्हता, पण त्यांच्या घरात सुनेनं दुकानाच्या गल्ल्यावर बसायचं, आणि बाकी काही करायचं नाही, असं आधीच ठरलेलं होतं. तात्यांचंही गावात किराणा दुकान. लहानपणापासून मी गल्ल्यावरच बसत आले होते. चिपळूणला जाऊन-येऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला तो त्या गल्ल्यावरून उठण्यासाठीच.

तुमच्यापैकी जे गावात राहिलात त्यांना वाटतं, जी माणसं गेली ती धीट होती म्हणून गेली. आणि जे माझ्यासारखे गेलात त्यांना खरं काय ते माहीत आहे. मी जन्माची घाबरट. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी तर तो बायकापोरांसकट असायचा. विहिरीत डोकवायची भीती, वीज गेली की भीती, पाहुणे आले की भीती. अशी मुलगी एकटी डोंबिवलीला निघाली, कारण मागे राहण्याची भीती पुढे जाण्याच्या भीतीपेक्षा वीतभर मोठी होती. यात धीटपणा कुठे आहे तो तुम्हीच शोधा.

आईनं मात्र दारातूनच निरोप दिला. तिचं एक वाक्य होतं, ते ती सगळ्याला लावायची. भाजी बिघडली, भांडण झालं, कुणी नवं घर बांधलं, की हेच. "आधी सारवण, मग रांगोळी." त्या पहाटेही तिनं तेच सांगितलं. "तिकडे गेल्यावर आधी काम नीट शीक, मग कपडेबिपडे शिव. आधी सारवण, मग रांगोळी, कळलं ना?" मी मान हलवली.

शालू आत्या, म्हणजे तात्यांची धाकटी बहीण, मानपाड्याला चाळीत राहायची. तिचे यजमान रंगाच्या कारखान्यात होते. चाळीच्या मागून एक नाला जायचा आणि तो रोज वेगळ्या रंगाचा असायचा. आत्या सकाळी दात घासता घासता मागे डोकवायची आणि सांगायची, "आज जांभळा." हवा सांगावी तसं. कधी कधी एकदम उग्र वास यायचा, डोळे चुरचुरायचे, आणि अख्ख्या चाळीच्या खिडक्या धडाधड लागायच्या. पहिल्या वेळी मी ओला रुमाल नाकाला लावून कॉटवर पाय वर घेऊन बसले. आत्या हसली. "अगं, वास येतोय तोवर चाललंय सगळं. कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला तर घाबरायचं. वासाला काय घाबरतेस!" म्हणजे घाबरायची आणखी एक गोष्ट तिनं मला दिली. त्या दिवसापासून मी भोंग्याकडे कान लावून झोपायला लागले.

नोकरी औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्याच्या माळ्यावर होती. खाली पाटील काकांचा रबराच्या वॉशरांचा कारखाना, वर आमच्या प्रधान सरांची चार कॉम्प्युटरांची कंपनी. खालचं प्रेस दणका द्यायचं आणि वर माझा मॉनिटर थरथरायचा. शतक संपत आलं होतं. एकतीस डिसेंबरला जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार असं जो तो सांगत होता. मी मनात म्हणायचे, मला दसऱ्यापर्यंत चालले तरी पुरे.

आम्ही वेबची पानं बनवायचो. तेव्हा पान बनवायची रीत अशी होती, की प्रत्येक वाक्याला त्याचा रंग, त्याचं माप, त्याचा फॉन्ट तिथल्या तिथे चिकटवायचा. सगळी मांडणी टेबलात, टेबलाच्या पोटात आणखी टेबल. माझ्या शेजारी बसणारा जितू त्यात पटाईत होता. आंबिवलीचा मुलगा, बोटं मशीनसारखी चालायची. अक्षरं नीट बसली नाहीत तर तो सरळ त्या मजकुराचं चित्र करून चिकटवायचा. दोन दिवसांत पान तयार.

सरांनी मला मात्र कागदांचा एक गठ्ठा दिला होता. "ही नवी पद्धत आहे, स्टाइलशीट म्हणतात. मजकूर एका फाइलमध्ये, रंगरूप दुसऱ्या फाइलमध्ये. जितूला वेळ नाही, तू शीक."

मी ते कागद घरी नेऊन चाळीच्या दिव्याखाली वाचले, आणि मला पहिल्यांदा या शहरात ओळखीचं काहीतरी दिसलं. आधी मजकूर सरळ लिहायचा. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा पत्ता. कुठे रंग नाही, कुठे माप नाही. तो नुसता वाचला तरी कळला पाहिजे. मग दुसऱ्या फाइलमध्ये एकदाच सांगायचं, की शीर्षकं निळी, परिच्छेद एवढे, यादी इतकी आत. आईचं वाक्यच कुणीतरी इंग्रजीतून छापलं होतं.

पण ती रांगोळी फार भीतीदायक निघाली. चुकलं तर कॉम्प्युटर ओरडायचा नाही. एक कंस बंद करायचा राहिला की त्याच्या खालचे सगळे नियम मेले, आणि कुणी सांगणार नाही. न कळलेली ओळ तो गुपचूप ओलांडून पुढे जायचा. मला रागावणारी माणसं परवडतात. तात्या चिडले की गप्प बसायचे, आणि त्या गप्प बसण्याला आम्ही सगळी भावंडं थरथरायचो. इथे तर दिवसभर तसल्याच गप्प बसणाऱ्यापुढे काम.

त्यातून ब्राउझर दोन. एकाचं चिन्ह निळा ई, दुसऱ्याचं जहाजाचं सुकाणू, त्याला आम्ही 'चाक' म्हणायचो. जे ई-मध्ये सुरेख दिसे ते चाकात विस्कटायचं. चाकाला वारसा कळत नसे. अख्ख्या पानाला सांगितलेला फॉन्ट टेबलाच्या आत गेला की तो विसरायचा. मग मी प्रत्येकाचं नाव घेऊन सांगायची सवय लावली: परिच्छेदा, तूही, यादी, तूही, टेबलातल्या खान्या, तूही. अंतर कुठून आलंय हे कळेना, की पानावरच्या प्रत्येक डब्याला, म्हणजे मजकुराच्या तुकड्याला, तात्पुरती लाल चौकट काढायची. चौकट काढली की कळतं, कोण कुठवर पसरलाय आणि कोण कुणाला ढकलतोय. ही युक्ती मला इतकी आवडली की घाबरले की मी मनातल्या मनात भीतीलाही लाल चौकट काढायचे. बघायचे, कुठे सुरू होते, कुठे संपते. बहुतेक वेळा ती मला वाटत होती त्यापेक्षा लहान निघायची. दसऱ्याची तेवढी मात्र कडेपर्यंत जायची.

"नलू, तू पान बनवतेस का लग्न लावतेस?" जितू विचारायचा. कारण मी एक ओळ बदलली की ई-मध्ये बघायचे, मग चाकात बघायचे, मग पुढची ओळ. त्याचा स्वभाव वाईट नव्हता. डब्यातली भाजी द्यायचा, आणि वर म्हणायचा, "एवढं टेन्शन घेऊ नको रे बाबा, केस पांढरे होतील."

भाद्रपदात सरांनी मला पाटील काकांच्या कारखान्याचं काम दिलं. परदेशातल्या गिऱ्हाइकांना दाखवायला पुरी साइट, बरीच पानं. सर म्हणाले, "गाळ्याचे मालक आहेत ते. दसऱ्याला मुहूर्तावर त्यांच्या हातून उघडायचं. नीट उघडलं की तुझं कायम." त्याच संध्याकाळी तात्यांचा फोन आला, चाळीखालच्या वाण्याकडे. "दसऱ्याला सकाळी पोचतो," एवढंच. कायम झाली का, असं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, आणि पुजल्यावर दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. खाली प्रेसला हार घातला, पान्हे-हातोडे पाटावर मांडले. वर चारही कॉम्प्युटर बंद करून, कीबोर्डवर हळदकुंकू वाहून, मॉनिटरना झेंडूच्या माळा घातल्या. सरांनी किल्ली खिशात टाकली. "आता उद्या."

घरी जाताना मला राहवेना. पाटील काकांची पानं सरांनी बघण्यापुरती इंटरनेटवर चढवून ठेवली होती. डोंबिवली स्टेशनजवळ एक सायबर कॅफे नवा उघडला होता, तिथे गेले. फक्त एकदा डोळे भरून बघायचं, एवढाच विचार. तिथे चाकच होतं. कॅफेवाल्यानं बाजूला वेळेचं घड्याळ दिसावं म्हणून ब्राउझरची खिडकी अर्धीच ठेवली होती. पान आलं, सुरेख, निळं-राखाडी. मी खिडकी मोठी केली.

आणि सगळं उडालं. निळा गेला, राखाडी गेला, समास गेले, माझ्या इतक्या महिन्यांची सगळी रांगोळी कुणी पाय ओढत चालून जावं तशी पुसली गेली. उरली ती काळी ठोकळ अक्षरं. मी पान पुन्हा आणलं, सगळं जागेवर. खिडकी लहान केली, पुन्हा उडालं. ऑफिसात आम्ही खिडकी कायम पूर्ण पसरलेलीच ठेवायचो. तिचं माप बदलून बघावं हे कुणालाच कधी सुचलं नव्हतं.

माझे हात गार पडले. उपाय असणारच, पण तो शोधायचा तर कॉम्प्युटर हवा, आणि माझा कॉम्प्युटर माळ घालून कुलपात बसला होता. मी बाहेरच्या पीसीओवरून सरांच्या घरी फोन लावला. त्यांच्या आईंनी उचलला.

"अगं, आज शस्त्रपूजा आहे. आज कामाचं बोलायचं नसतं."

"आजी, फक्त एक निरोप…"

"तो पूजेला बसलाय. उद्या भेटाल ना? सोन्यासारखा दिवस, उद्या बोला."

त्या रात्री मी आत्याला काही सांगितलं नाही. ट्रंकेत काय काय भरायचं ते मात्र मनात लावून ठेवलं. भोंगा वाजला असता तरी मला ऐकू आला नसता.

दसऱ्याला सकाळी मी धावतच गाळ्यावर पोचले, तर जिन्याशी तात्या उभे. रात्रभर एसटीत बसून आलेले, टोपी नीट, सदरा चुरगळलेला. आत्याकडे न जाता पत्ता विचारत सरळ तिथेच आले होते. आणि सदऱ्याच्या खिशातून सुंभाच्या दोरीचं वेटोळं बाहेर डोकावत होतं. ट्रंक बांधायची दोरी त्यांनी बरोबर आणली होती.

"आलास का तात्या?" असं आम्ही लहानपणी लाडात एकेरीत म्हणायचो. त्या दिवशी तोंडून निघालं, "कधी आलात?" वर सर रेशमी झब्ब्यात. मी म्हटलं, "सर, खिडकी…" ते म्हणाले, "मुहूर्त चाललाय नलिनी, नंतर." आणि तात्यांना खुर्ची देऊन त्यांनी पाटील काकांच्या शेजारीच बसवलं.

सरांनी काकांसाठी एक कौतुक योजलं होतं. पडदा उघडावा तसं पान उघडायचं. चाकाची खिडकी लहानशी करून ठेवायची, आणि काकांनी माउसनं कोपरा दाबायचा, की पान सगळ्या पडद्यावर पसरणार. मला ते कळलं तेव्हा काकांचा हात माउसवर होता. पाटील काका इथलेच, आगरी, सत्तरीच्या घरातले. खाली स्वतः प्रेसवर उभे राहायचे. त्या जाड बोटानं त्यांनी कोपरा दाबला.

सगळं उडालं.

सरांचा चेहरा पांढरा झाला. जितू पुटपुटला, "गेलं." मी तात्यांकडे बघितलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, कॉम्प्युटर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता, पण माणसांचे चेहरे गल्ल्यावर बसून बसून त्यांना पाठ होते. त्यांचा हात नकळत खिशातल्या दोरीकडे गेला.

पाटील काका मात्र पुढे झुकले होते. चष्मा त्यांनी टोपीवर चढवला होता. बोट पडद्याला टेकवून ते एक एक अक्षर लावत होते. सगळ्यात वर कारखान्याचं नाव, म्हणजे त्यांच्या वडलांचं नाव. त्याखाली, आम्ही काय बनवतो. त्याखाली वॉशरांची यादी, एकाखाली एक. शेवटी पत्ता. सगळं मोठ्या काळ्या अक्षरांत, ओळीनं.

"यो कोनी लिवलाय?" त्यांनी विचारलं.

सर माझ्याकडे बघायला लागले. मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"पोरी, मना चष्म्याबिगर वाचता येतंय गो." त्यांनी परत वरपासून सुरुवात केली. "आमचे बापूसचा नाव पहिला लिवलास. बरा केलास."

मग सरांना कंठ फुटला. रंग कसे होते, मूळ पान कसं सुंदर होतं, हे ते सांगायला लागले. मी पुढे होऊन पान पुन्हा आणलं. निळा आला, राखाडी आला. काकांनी मान तिरकी करून बघितलं. "रंग बी बरा हाय. पन अक्षरा बारीक. आधीचे एवरी मोठी व्हतील का? सगले पानांवर?"

जितू हळूच म्हणाला, "सर, सगळी पानं म्हणजे चार-पाच दिवस तरी." त्याच्या रीतीनं ते खरंच होतं. प्रत्येक वाक्य शोधून, चित्रं पुन्हा काढून.

"आता होतील," मी म्हटलं. माझाच आवाज आहे हे मला कळायला क्षण लागला.

कीबोर्डवर हळदकुंकू तसंच होतं. त्या वर्षी पुजलेल्या कीबोर्डला पहिला हात माझा लागला. मी स्टाइलशीटची फाइल उघडली. तो नियम मला अंधारातही सापडला असता: परिच्छेदा, तूही, यादी, तूही, खान्या, तूही. एक आकडा बदलला. कंस बंद आहे ना ते दोनदा बघितलं. जतन केलं. आणि एक एक पान उघडून काकांना दाखवलं. प्रत्येक पानावर अक्षरं मोठी झाली होती, रंग जागेवर होते. खिडकीला मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. त्याचा इलाज पुढच्या आठवड्यात सापडला, चार ओळींचा. माप बदललं की पान आपलं आपण परत येतं.

काका उठले आणि आपट्याचं पान त्यांनी आधी तात्यांच्या हातावर ठेवलं. "सोना घ्या. तुमची पोर कामाची हाय." सर म्हणाले, "उद्यापासून कायम, नलिनी." खाली प्रेसनं मुहूर्ताचा पहिला दणका दिला आणि माझा मॉनिटर थरथरला.

मी जिंकले होते. हे तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण पुढचं नाहीतर कळणार नाही.

तात्या आत्याकडे जेवले आणि लगेच निघाले. "दुकान बंद ठेवून आलोय." मी त्यांना थांब्यापर्यंत पोचवायला गेले. वाटेत त्यांनी त्या नाल्याकडे बघितलं. तो हिरवा होता. थांब्यावर त्यांनी खिशातलं दोरीचं वेटोळं काढलं, हातात फिरवलं, मला वाटलं मला देतायत. पण त्यांनी ते परत खिशात घातलं.

"ही माझ्याकडेच राहू दे. कधी वाटलं तर कळव. न्यायला येतो."

गाडी आली, ते चढले. आणि मला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती त्या थांब्यावर वाटली. इतके महिने मी ज्या शब्दांना भीत होते त्यांनीच मला धरून ठेवलं होतं. कुणीतरी तारीख ठरवून मला न्यायला येणार होतं. आता तारीख नव्हती. आता या रंगीत नाल्यांच्या गावात मी माझी मी होते. लाल चौकट काढायचा प्रयत्न केला. चौथी बाजू काढायला जागाच मिळेना. मी रडत रडत चाळीत आले. आत्या म्हणाली, "वेडी आहेस का? लोक कायम झाले की पेढे वाटतात."

तात्यांना मी कधी कळवलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. फक्त गावी गेले की दुकानातल्या खुंटीवर ती दोरी दिसायची. माल बांधायला दुसरी होती. हिला कुणी हात लावत नसे.

आता डोंबिवलीतच माझं घर आहे. ते चाकवालं ब्राउझर मरून गेलं, माझ्या सगळ्या युक्त्या त्याच्याबरोबर गेल्या. प्रत्येकाचं नाव घेऊन सांगायची सवय तेवढी राहिली. स्वयंपाकघरातही मी तसंच सांगते, घरातले हसतात. तात्या नाहीत, आई नाही. गावचं घर भावानं छान ठेवलंय. सारवण जाऊन लाद्या आल्या, मी जाते तेव्हा वहिनी नवी चादर घालते. म्हणजे मी पाहुणी. तुम्ही मागे राहिलात त्यांना वाटतं आम्ही घर सोडलं. मला विचाराल तर घर त्या खुंटीवर होतं. जिथे आपण हरलो तरी कुणीतरी एसटीत रात्रभर बसून येणार आहे, एवढी खात्री म्हणजे घर. रंगरूप सगळं उडालं तरी तेवढं वाचता येतं.

माझी मुलगी हेच काम करते. तिच्या पिढीला माझं सगळं, तात्यांच्या दोरीची गोष्टसुद्धा, हसण्यासारखं वाटतं. मागे ती डब्लिनला निघाली तेव्हा विमानतळावर तिचे हात मी धरले, तर ते गार होते. घाबरटपणा तेवढा सरळ तिच्यापर्यंत पोचला होता. मग तोंडून आपोआप निघालं, "नाही जमलं तर कळव. न्यायला येते."

ती दारापर्यंत गेली, वळली, आणि भरल्या डोळ्यांनी ओरडून म्हणाली, "दोरी आणशील ना?"

तात्या गेल्यावर खुंटीवरून काढून आणलेली ती दोरी माझ्या पर्समध्येच होती. मी वर करून दाखवली.